गुडघ्याखालचा तीस अंशांचा ठोकळा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला हात जोडू नका. माझ्या अंगावर कुंकवाचे डाग आहेत, कपाळावर खिळा उपटल्याचं भोक आहे, आणि उदबत्तीचा वास तर काही केल्या जात नाही. तरीपण मी देव नाही. मी शिवणीच्या लाकडाचा एक जुना ठोकळा आहे. निपाणीतल्या एका दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत मी राहतो. वय असेल तिशीच्या आसपास. स्वभाव जरा कुरकुऱ्या आहे. फार वर्षं एकटं राहिलं की होतं तसं.

चित्र काढताना तुम्ही घराचं छप्पर काढता ना, दोन बाजूंना दोन उतार आणि मधे आढं? तसा माझा आकार. फक्त आढं घासून गोल केलेलं आहे, म्हणजे कुणाला टोचू नये. माणसाला टेबलावर उताणं झोपवायचं आणि मला त्याच्या गुडघ्याखाली सरकवायचं. एका उतारावर मांडी टेकते, दुसऱ्यावर पोटरी, आणि गुडघा बरोबर तीस अंशांत वाकतो. एवढंच माझं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, नाही? सगळ्यांना तसंच वाटलं, आणि तिथंच घोळ झाला.

माझा जन्म खानापूरचा. या दवाखान्यात नागोजी नावाचे एक्स-रे काढणारे होते, त्यांचं गाव खानापूरजवळच. त्या वेळच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की गुडघ्याची वाटी मोजायची तर गुडघा वाकवून फोटो काढायला हवा, आणि दर वेळी सारखाच वाकायला हवा. उशी घातली तर ती दबते. हातानं धरून ठेवावं तर धरणाऱ्याच्या अंगात किरण जातात. नागोजी म्हणाले, "आमच्या गावाकडं सुतार हाय, त्याच्याकडनं करून आणतो." आणि पुढच्या सुट्टीला ते शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक खिशात घालून मष्णू सुतारांकडे गेले.

मष्णूंनी तो कोनमापक उलटसुलट करून बघितला. "तीस म्हंजे किती रं नागोजी? कौलाच्या उताराएवढं काय?"

"तुज्या कौलाचं मला काय म्हाईत? थांब, मीच पडतो," असं म्हणून नागोजी तिथंच भुश्शात आडवे झाले. मग काय विचारता! मष्णू मला रंधायचे, नागोजींच्या गुडघ्याखाली घालायचे, कोनमापक लावायचे, पुन्हा काढून रंधायचे. नागोजींचं धोतर भुश्शानं भरलं. बायका दारातनं बघून हसत होत्या. शेवटी कोन जुळला तेव्हा मष्णू खिळे घेऊन आले, कारण मी दोन तुकडे जोडून केलेला आहे. नागोजी ओरडलेच, "खिळा मारू नगंस! लोखंड फोटोत पांढरं उमटतंय." मग मष्णूंनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि माझ्या पोटाखाली पटाशीनं आकडा कोरला, ३०. माझ्या अंगात त्या दिवशी लोखंडाचा कण नव्हता. मला त्याचा फार अभिमान होता.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी गुडघे पेलले. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचे, उसाच्या फडातल्या माणसांचे, तालमीतल्या पोरांचे, कोगनोळी नाक्याजवळ गाडी उलटलेल्या ड्रायव्हरांचे. चिकोडीकडची माणसं आली की नागोजी कानडीत सुरू व्हायचे, "अल्लाडबेडी, अल्लाडबेडी," म्हणजे हलू नका. मराठी माणसाला म्हणायचे, "पाय सैल सोड, माजा ठोकळा धरतोय तुला." माजा ठोकळा! असं म्हटलं की मला किती बरं वाटायचं.

आता एक गोष्ट नीट ऐका. फोटो काढायच्या वेळी सगळे खोलीबाहेर जातात. नागोजी शिशाच्या काचेमागे जायचे. आई असो, बाप असो, कुणालाही आत थांबू देत नाहीत. जड दार लागतं, आणि टेबलावर ते दुखणारं माणूस एकटं उरतं. वर मोठं यंत्र, थंडगार खोली, आणि कुणीतरी बाहेरून ओरडतं, हलू नका. त्या क्षणी माणसाला फार एकटं वाटतं. मला ठाऊक आहे, कारण त्यांचे पाय थरथरायचे ते माझ्यावरच. त्या खोलीत तेव्हा दोघंच असायचो, ते माणूस आणि मी. मला बोलता येत नाही, पण मी हलायचो नाही. आपल्या खालचं काहीतरी हलत नाही एवढ्यानंसुद्धा माणसाला धीर येतो.

आणि आता वाटीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तुमच्या गुडघ्यावर हात ठेवा. ती गोल हाडाची वाटी लागली? तिच्या खालून एक चिवट पट्टी निघते आणि नडगीच्या वरच्या उंचवट्याला जाऊन चिकटते. वाटीची लांबी आणि त्या पट्टीची लांबी साधारण सारखी असावी लागते. पट्टी वाटीपेक्षा एक पंचमांशाहून जास्त लांब असली, तर समजायचं की वाटी वर चढून बसली आहे. मग ती आपल्या खोबणीत नीट बसत नाही आणि चालता चालता बाजूला निसटते. माणूस धाडकन पडतं. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की बऱ्याचदा वाटी आपली आपण जागेवर परत येते. चार माणसं जमेपर्यंत गुडघा दिसायला ठीकठाक! मग लोक म्हणतात, नाटक करतेय.

ही पट्टी मोजायची तर ती ताणलेली हवी. कपडे वाळत घालायची दोरी ढिली असताना एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत मोजलीत, तर दोरीची खरी लांबी कळेल का? नाही कळणार. पाय सरळ लांब टाकून फोटो काढला की पट्टी तशीच ढिली पडते आणि आखूड भासते. गुडघा माझ्यावर वाकला की ती ताणते आणि खरं माप देते. नागोजी फोटो उजेडावर धरून फूटपट्टीनं मोजायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "नागोजी, तुम्ही मोजलेलं मी परत मोजत नाही."

वर्षातून एकदा माझी चैन असायची. खंडेनवमीला नागोजी यंत्र पुसायचे, त्याला झेंडूचा हार घालायचे, दारात कोहळा फोडायचे, आणि मला पाच बोटं कुंकवाची लावायचे. "तू बी हत्यारच हायस रं," म्हणायचे. त्या दिवशी मला सुट्टी. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गुडघे. कुंकू ते पुसायचे नाहीत, ते लाकडात मुरत गेलं. पंचवीस वर्षांत माझं अंग लालसर झालं. ही एवढीशी गोष्ट पुढं माझ्या मुळावर येईल असं ना त्यांना वाटलं, ना मला.

पाच वर्षांपूर्वी नागोजी निवृत्त झाले. त्याच आठवड्यात नवीन यंत्र आलं, फिल्म गेली, फोटो थेट कॉम्प्युटरवर दिसायला लागला. नागोजींच्या जागी बेळगावहून आदर्श आला. पोरगा गुणी, शिकलेला, कधी कुणावर आवाज चढवणार नाही असा. निरोपाच्या गडबडीत, हार-तुरे आणि फोटो काढणं चाललेलं असताना, नागोजींनी मला त्याच्या हातात दिलं. डोळे भरून आले होते त्यांचे. "आदर्श, ह्याला जीवापाड जप," एवढंच म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी जेवायला हाक मारली. मी कशासाठी आहे, ते सांगायचं राहूनच गेलं.

आदर्शनं मला बघितलं. लालभडक अंग, वर्षानुवर्षांचं कुंकू, आणि जाणत्या माणसानं रडत सोपवलेलं. त्याला काय वाटणार? त्यानं मला जपलं. अगदी जीवापाड जपलं! भिंतीत एक कोनाडा होता, तिथं स्वच्छ कापड अंथरून मला ठेवलं. साफसफाई करणाऱ्या जयाबाईंनी विचारलं, "ह्यो कंचा देव म्हणायचा?" तो म्हणाला, "नागोजी अण्णांचं आहे काहीतरी. पाय लागू देऊ नका." झालं! दुसऱ्या दिवशी फूल आलं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. पुढच्या दसऱ्याला जयाबाईंनी हार अडकवायला म्हणून माझ्या कपाळात खिळा ठोकला. मित्रांनो, लोखंडाचा खिळा!

मग लोक हात जोडायला लागले. फोटो काढायच्या आधी कोनाड्याकडे बघून डोळे मिटायचे. कोगनोळीच्या एका ट्रक ड्रायव्हरनं तर मला नारळ बोलला, गुडघा बरा होऊ दे म्हणून. अरे बाबा, नारळ राहू दे, तुझा गुडघा टेकव की माझ्यावर! पण मी बोलणार कसा? पाच हातांवर टेबल. टेबलावर गुडघे येत होते, सरळ लांब पडत होते, ढिले, आखूड मापं देत होते, आणि मी हार घालून बसलो होतो. मला सगळे बघायचे, पण एक माणूस हात लावत नव्हतं. पाच वर्षांत माझ्यावर कुणाचा पाय थरथरला नाही. दार लागलं की टेबलावर ते माणूस एकटं आणि कोनाड्यात मी एकटा.

अशात, गेल्या उन्हाळ्यात, पारमिता आली.

वीस वर्षांची पोरगी. निपाणीचीच, पण बेळगावला नर्सिंग शिकत होती. सोबत तिची आई तानीबाई, तंबाखूच्या वखारीत काम करणारी. बाई बोलायला लागली की मधेच खोकायची. घराण्यात नोकरीचं शिक्षण घेणारी पारमिता पहिलीच. तिचा डावा गुडघा निसटायचा. एकदा बसमधून उतरताना, एकदा वॉर्डात रुग्णाचा ट्रे घेऊन जाताना. ट्रे पडला, औषधं सांडली, आणि लोक धावत येईपर्यंत वाटी आपल्या जागेवर! सिस्टर म्हणाल्या, रात्रपाळी नको म्हणून सोंग करतेय.

आत आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. हात जोडले नाहीत. नुसती टक लावून बघत राहिली.

"हे काय आहे?" तिनं आदर्शला विचारलं.

"नागोजी अण्णांचं आहे. जुनं आहे."

"देव आहे? पण मग याला दोन बाजूंनी उतार कशाला?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी माझा आकार बघितला होता. पण तानीबाईंनी तिचा हात ओढला, "पारू, गप बस गं. असंल कायतरी त्यांचं." आणि आदर्शनं तिला टेबलावर झोपवलं. दुखू नये म्हणून पाय हळूच सरळ ठेवला. दार लागलं. खोलीत ती एकटी पडली. मी बघत होतो, तिचा पाय थरथरत होता आणि ती छताकडे बघून, आवाज न करता, रडत होती. माझ्या उतारांवर तो पाय असता तर! मी कोनाड्यात बसून काय करणार होतो? हार वाळवत होतो.

दर गुरुवारी बेळगावहून हाडांच्या डॉक्टर मॅडम यायच्या. त्यांनी आदर्शच्या कॉम्प्युटरवर माप घेतलं. वाटी चाळीस मिलिमीटर, पट्टी शेहेचाळीस. अठ्ठेचाळीसच्या पुढं गेली असती तर वाटी वर चढली असं धरलं असतं. "उंची ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मांडीचे व्यायाम कर, सहा महिन्यांनी बघू." पारमितानं कागद घेतला. त्यावर लिहिलं होतं, वाटीची उंची सर्वसाधारण. तो कागद तिनं कॉलेजात दाखवला असणार. दाखवल्यावर लोक काय म्हणाले असतील, ते तुम्हीच ओळखा.

पावसाळा गेला. दसरा आला. खंडेनवमीला दवाखाना अर्धा दिवस उघडा होता. सकाळी यंत्राची पूजा झाली, मला नवा हार, नवं कुंकू. पूजेला म्हणून आदर्शनं नागोजींना मुद्दाम बोलावलं होतं. पण त्यांची खानापूरची गाडी चुकली, आणि ते पोचेपर्यंत पूजा उरकली होती. मॅडमही प्रसादाला आल्या होत्या. आणि बाहेरच्या बाकावर पारमिता आणि तानीबाई बसल्या होत्या. पारमिताच्या हातात कुबडी होती. दार उघडंच होतं, म्हणून तानीबाईंचं बोलणं मला ऐकू आलं.

"मॅडम, पोरगी व्यायाम रोज करत्या. तरी तीनदा पडली. कॉलेजवाल्यांनी पत्र दिलंय. सुट्टी संपायच्या आत दुखण्याचं कारण लिहून आणा, न्हायतर नाव काढतो म्हणत्यात. तुमच्या कागदावर तर सगळं ठीक म्हणून लिवलंय. मग आमी काय लिवून न्यायचं?"

मॅडमनी कागद पुन्हा वाचला. "फोटोत जे दिसतं, तेच मी लिहू शकते हो," त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण कागद तोच, माप तेच.

पारमिता हळूच म्हणाली, "आई, चल. मलाच आता वाटायला लागलंय, मी खोटं बोलते की काय." मित्रांनो, वाटी निसटते तेव्हा दुखतं, पण मला वाटतं याहून कमीच दुखत असेल.

तेवढ्यात नागोजी आत आले. केस पांढरे झालेले, पण चाल तीच. आदर्श वाकून पाया पडला. नागोजींनी यंत्राला नमस्कार केला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "माजा ठोकळा कुठाय रं?"

आदर्शनं अभिमानानं कोनाडा दाखवला. "अण्णा, तुम्ही म्हणालात तसा जीवापाड जपलाय. एका दिवसाचीसुद्धा उदबत्ती चुकली नाही."

नागोजी माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्याकडे. "आरं देवा," ते खाली बसकण मारत म्हणाले, "ह्याला कोनाड्यात कुणी बसवलं? मग गुडघ्याचं फोटो तू काढतोस कसं?"

"सरळच काढतो, अण्णा. पाय लांब ठेवून."

"पाच वर्षं?"

बाकावरून पारमिता उठली, कुबडी टेकत दारात आली. "अण्णा," ती म्हणाली, "माझा पण सरळच काढलाय. ते उतार पायासाठी आहेत का?"

"व्हय बाळ. पायासाठीच हाईत. दुसऱ्या कशासाठी बी न्हाईत."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या एकदम लक्षात आलं. "आदर्श, आत्ता फोटो काढ. गुडघा वाकवून."

तेव्हा जयाबाई मधे आल्या. वाईट बाई नाही ती, रोज माझी फुलं बदलणारी. घाबरली होती बिचारी. "आज खंडेनवमी हाय. आज हत्यार चालवत न्हाईत. आणि सकाळी पूजा केलेल्या देवावर पाय? काय झालं तर कोण बघणार?"

आणि तिच्याहून जास्त घाबरल्या तानीबाई. त्यांनी पारमिताला मागे ओढलं. "नको, अण्णा. बाकी कुणी ठेवला तर एक येळ चालंल. आमच्या माणसांनी देवाला पाय लावला असं उद्या चौकात कुणी बोललं तर? माज्या सासूनं असली बोलणी जन्मभर खाल्ली. माज्या पोरीला नकोत. चल पारू, नाव काढलं तर काढलं."

आदर्श जमिनीकडे बघत होता. मी आतल्या आत ओरडत होतो, की ठेव गं पाय, ठेव! मी देव नाही! पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

नागोजी उठले. पहिल्यांदा त्यांनी माझा हार काढला आणि जयाबाईंच्या हातात दिला. मग आदर्शकडून पक्कड मागितली आणि माझ्या कपाळातला खिळा उपटला. दुखलं, पण असं बरं वाटलं म्हणून सांगू! मग खांद्यावरच्या टॉवेलनं ते माझं कुंकू पुसायला लागले. सकाळचं कुंकू निघालं, जुनं काही निघेना. पुसता पुसता स्वतःशीच बोलत होते. "चूक माजी हाय. कुंकू लावायचं तेवढं ध्यानात राह्यलं, आणि कशाला लावतोय ते सांगायला इसरलो."

मला टेबलावर ठेवून, पासष्टी ओलांडलेला तो माणूस कण्हत कण्हत टेबलावर चढला, उताणा झाला, आणि त्यानं आपला गुडघा माझ्यावर टेकला. त्याच गुडघ्यावर मी घडलो होतो. "बघा जयाबाई, पयला पाय माजा. कोप व्हायचा असंल तर माज्यावर होऊ दे," ते म्हणाले. मग मान वळवून तानीबाईंना म्हणाले, "आक्का, हे लाकूड पाय ठेवायलाच केलंय. ज्याला पाय हाय त्यानं ठेवायचा. ह्यात तुमचं-आमचं कुठनं आलं? कुणी बोललं तर माज्याकडं पाठवा."

तानीबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी पारमिताचा हात सोडला.

पारमिता टेबलावर झोपली. आदर्शनं मला तिच्या गुडघ्याखाली सरकवलं. सगळे बाहेर गेले. जड दार लागलं. खोलीत दोघंच उरलो, ती आणि मी. तिचा पाय थरथरत होता, पण या वेळी माझ्यावर. मी हललो नाही. हळूहळू थरथर थांबली. बाहेरून नागोजींचा आवाज आला, "हलू नगंस बाळ, माजा ठोकळा धरतोय तुला."

मॅडम स्वतः कॉम्प्युटरसमोर बसल्या. दार उघडल्यावर सगळे त्यांच्यामागे गोळा झाले. वाटीची लांबी चाळीस. ती बदलणार कशी? हाड ते हाडच. मग त्यांनी पट्टी मोजली. पुन्हा मोजली.

"चौपन्न," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?" तानीबाईंनी विचारलं.

"म्हणजे वाटी बरीच वर आहे. ती निसटणारच. नुसत्या व्यायामानं भागणारं नव्हतं. बेळगावला आणखी तपासण्या करू आणि बहुतेक ऑपरेशन करून ती खाली आणावी लागेल." मग मॅडम खुर्ची वळवून पारमिताला म्हणाल्या, "फोटो कसा काढला, ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

पारमिताला ऑपरेशनचं काही वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते?"

"नव्हतीस."

मग मात्र ती टेबलावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडली, आणि आईनं तिला पोटाशी धरलं. मॅडमनी तिथंच कॉलेजला पत्र लिहिलं, मापासकट, आणि एका सत्राची रजा मागितली. आदर्श नागोजींसमोर उभा होता, तोंड उतरलेलं. "अण्णा, पाच वर्षांत असे किती गुडघे..." नागोजी म्हणाले, "रडून काय व्हनार? कॉम्प्युटरात नावं हाईत न्हवं? दसरा झाला की एकेकाला फोन लाव."

त्यानं लावले. त्या दिवाळीच्या आधी अठरा माणसं परत आली. त्यातला एक तो नारळवाला ड्रायव्हर. त्यानं मला टेबलावर बघितलं आणि आधी कान धरले, मग पाय ठेवला.

पारमिता ऑपरेशननंतर फाल्गुनात फोटो काढायला आली. कुबडी नव्हती. जरा लंगडत होती, पण कॉलेज पुन्हा सुरू झालं होतं. आदर्शनं न विचारता मला तिच्या गुडघ्याखाली ठेवलं. दार लागल्यावर, सगळे बाहेर असताना, तिनं हात खाली घालून मला थोपटलं आणि हळूच म्हणाली, "दिवसभर एकटाच असतोस व्हय रं?" आजपर्यंत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

त्यानंतर ती आली नाही. येणारही नाही, कारण वाटी जागेवर बसली की माणसाला या खोलीचं काम उरत नाही. मी जितकं नीट काम करीन, तितकी माणसं मला सोडून जातील. नागोजी गेले, ती गेली. रविवारी खोली बंद असते तेव्हा मला तिचा तो प्रश्न आठवतो. असतो गं, एकटाच असतो. पण कोनाड्यातला एकटेपणा आणि टेबलाखालच्या फळीवरचा एकटेपणा यात फरक आहे. इथं सोमवार येतो.

कोनाडा आता रिकामा आहे. जयाबाई मात्र सवयीनं तिथं अजून उदबत्ती लावतात. लावू देत बिचाऱ्या, वास चांगला येतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठंतरी उंचावर, कापडात गुंडाळून, कुणी जपून ठेवलेलं काही असेल. आजोबांचं हत्यार असेल, आजीचं जातं असेल. त्याला हात जोडून पुढं जाऊ नका. त्याला खाली घ्या, उलटंपालटं करून बघा आणि विचारा, याला उतार कशाला? सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. आणि कधी निपाणीला आलात, गुडघा दुखत असला, दार लागलं आणि आत तुम्ही एकटेच उरलात, तर घाबरू नका. पाय सैल सोडा. मी धरतो.